खाच

"बाई म्हणजे आपल्या कारखान्याचा कंपॅटिबिलायझर," साहेब म्हणाले आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. तीही हसली. हसायची सवय इतकी जुनी की आधी तोंड हसलं आणि मग कानांनी वाक्य आत घेतलं. आत गेलेलं वाक्य मात्र पुढे सरकेना. औषधाची गोळी घशात अडकावी आणि वर पाणी प्यायलं तरी ती तिथेच आहे असं वाटत राहावं, तसं ते बसून राहिलं. समोरच्या चहावर साय धरत होती. ती सायीकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत इथे तिला कुणी हुशार म्हटलं होतं, कुणी खडूस म्हटलं होतं, एकदा तर पाठीमागे 'प्रयोगशाळेतली पाल' असंही म्हटलेलं तिने ऐकलं होतं. त्यातलं काहीच असं अडकलं नव्हतं. आणि हे तर कौतुक होतं.

कारखान्याला शीतगृहांसाठी लागणाऱ्या ठेंगण्या स्टुलांची मोठी ऑर्डर मिळाली होती. वरच्या फळीवरचं खोकं उतरवताना माणूस ज्यावर दोन्ही पाय रोवून उभा राहतो, तसली स्टुलं. जुन्या बादल्या आणि क्रेट यांचं पॉलिप्रॉपिलीन, जुन्या बाटल्या आणि कॅन यांचं पॉलिथिलीन, दोन्ही दळायचं, वितळवून एकत्र करायचं आणि साच्यात भरायचं. या दोघांना एकत्र धरून ठेवायला ती जो तिसरा पदार्थ, म्हणजे कंपॅटिबिलायझर, घालायची, तो सगळ्यांत महाग. तिच्या मिश्रणात तो शंभराला सहा होता. साहेबांनी सहाचे दोन केले होते, आणि दोनवाल्या मिश्रणाच्या पट्ट्या गोठवून तोडून पाहिल्या तेव्हा त्या चाचणीत पास झाल्या होत्या. उद्यापासून माल काढायचा होता. अडलं होतं ते दोन ठिकाणी. एक, प्रयोगशाळाप्रमुख म्हणून तिचा होकार. दुसरा खालचा फोरमन, ज्याला सगळे बॉयलर म्हणत, कारण त्याला तापायला वेळ लागत नसे. तो नवं मिश्रण मशीनवर घ्यायला तयार नव्हता.

"का, तर म्हणे मला मीटिंगला बोलावलं नाही," साहेब सुरुवातीला म्हणाले होते. "रुसलाय. त्याला तुम्ही समजवा बाई. तुम्ही सांगितलं की त्याला पटतं."

"आणि सहाचे दोन?" तिने विचारलं.

"पट्ट्या पास आहेत की. दशांश, सांगा बाईंना."

चाचण्या घेणाऱ्या त्या गृहस्थाला दशांश हे नाव तिनेच कधीतरी दिलं होतं आणि ते त्याच्या खऱ्या नावापेक्षा जास्त टिकलं होतं. तो उभा राहिला. "ताकद पाच हवी. आलीय पाच पूर्णांक सत्तेचाळीस."

"अठ्ठेचाळीस धरा, आपल्याच घरचं आहे," कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. त्या हशातच साहेबांनी ते कंपॅटिबिलायझरचं वाक्य टाकलं होतं. दोन विरुद्ध गोष्टींमध्ये जाऊन बसते आणि दोघांना धरून ठेवते, म्हणून बाई म्हणजे कंपॅटिबिलायझर. सरळ उपमा होती. तरी जिना उतरून प्रयोगशाळेकडे येताना तिला वाटत राहिलं की यात काहीतरी चूक आहे. मोजमापातली चूक जशी आधी जाणवते आणि मग सापडते, तशी ही जाणवत होती, सापडत नव्हती.

प्रयोगशाळा तळमजल्यावर, मशीनच्या हॉलला लागून. मधल्या काचेतून मशीनची थरथर कायम येत असे. टेबलावर ठेवलेला पेला दुपारपर्यंत आपोआप दोन बोटं सरकलेला असायचा. हवेत वितळलेल्या प्लास्टिकचा वास. मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा, पण न संपणारा. हा वास तिच्या केसांत होता, पर्समध्ये होता, घरच्या उशीतही होता. ती खुर्चीवर बसली आणि तिने साहेबांची उपमा उलगडून पाहायला घेतली, कारण उपमा देणाऱ्याने निदान पदार्थ तरी नीट समजून घेतलेला असावा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन. दोन्ही पाण्यावर तरंगतात, दोन्ही हाताला मेणचट, दोघांच्या अंगात कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज तिसरं काही नाही. सख्खी भावंडं म्हणावीत. पण एका भांड्यात वितळवून कितीही घुसळली तरी निवताना एक दुसऱ्यात थेंबाथेंबांनी वेगळं होऊन बसतं. वरून पट्टी एकसंध आणि गुळगुळीत दिसते. आत प्रत्येक थेंबाभोवती एक सीमा असते, आणि त्या सीमेवर कुणी कुणाचा हात धरलेला नसतो. धक्का बसला की तडा त्या सीमांवरून मोकळ्या रस्त्यावरून पळावं तसा पळत सुटतो. तिसरा पदार्थ म्हणजे लांबच लांब साखळी. तिचा एक तुकडा याच्यासारखा, दुसरा त्याच्यासारखा. ती सीमेवर जाऊन बसते, एक पाय या घरात रुतवते, एक त्या घरात. थेंब बारीक होतात, आणि तडा आला की त्याला सरळ वाट मिळत नाही. तो जागोजागी थबकतो, फाटे फोडतो, विरतो. पट्टी पांढरी पडते, वाकते, अर्धी तुटून लोंबकळते, पण सोडत नाही. खालचे कामगार त्याला गोंद म्हणत. पूर्वी ती त्यांना थांबवून सांगायची की गोंद बाहेरून लावतात, हा आतून धरतो. हल्ली सांगायची नाही. गोंद तर गोंद.

एक पाय या घरात, एक त्या घरात. तिच्या लहानपणी घर एकच होतं, दोन खोल्यांचं, आणि त्यात दोन घरं होती. बाहेरच्या खोलीत बाबा, आतल्या खोलीत आई. दोघं एकमेकांशी बोलत नसत. का, ते तिला कधीच नीट कळलं नाही. कळण्याच्या वयात आली तेव्हा कारण झिजून गेलं होतं आणि अबोला उरला होता. "तुझ्या बाबांना सांग, जेवायचं असेल तर या, नसेल तर तसं सांगा, मला भांडी घासून मोकळं व्हायचंय." ती दार ओलांडून जायची. "बाबा, आई जेवायला बोलावतेय." बाबा वर्तमानपत्र खाली न करता म्हणायचे, "तिला सांग, भूक होती, तिचा आवाज ऐकून मेली." ती परत यायची. "आई, बाबा थोड्या वेळाने बसतो म्हणाले." दार ओलांडायला लागणाऱ्या तेवढ्या वेळात वाक्याची धार घालवायची, हे ती कुणीही न शिकवता शिकली. कुठला शब्द गाळायचा, कुठला घालायचा, कुठे नुसतंच हसायचं. पाहुणे म्हणायचे, "पोर गुणाची हो. हिच्यामुळे घर टिकलंय." ती त्या कौतुकाने फुलून यायची. त्या कौतुकावर ती वाढली असंही म्हणता येईल. शाळेत दोन मैत्रिणींचं बिनसलं की मधे हीच. लग्नानंतर सासू आणि नणंद यांच्यात हीच. नवरा कामासाठी दूरच्या शहरात राहायला गेला तो हळूहळू कायमचा गेला, तेव्हा त्याच्याकडच्या माणसांना ते समजावून सांगायलाही हीच. आणि कारखान्यात तर काय, वरचा मजला आणि खालचा हॉल यांच्यामधला जिना तिच्याच पायांनी झिजला असेल.

टेबलावर दशांशाने तोडलेल्या पट्ट्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. तिने एक उचलली. प्रत्येक पट्टीला तोडण्याआधी मधोमध एक खाच पाडतात. इंग्रजी व्ही अक्षरासारखी, ठरलेल्या खोलीची, टोकाला धारदार. खाच नसलेली पट्टी तोडून काही कळत नाही; बिनजखमेचा कुणीही शूर असतो. मग ती गोठवलेली पट्टी पकडीत उभी करायची आणि वरून लंबक सोडायचा. पट्टी तोडताना लंबकाचा जेवढा जोर खर्च होईल तेवढी तिची ताकद. पट्टी हातात आली की आकडा बघण्याआधी तिचं अंगठ्याचं नख आपोआप खाचेतून फिरायचं. ही तिची खोड होती, कुठल्याही पद्धतीत लिहिलेली नव्हती. आज नख फिरलं आणि सरळ बाहेर आलं. अडकलं नाही. तिने दुसरी पट्टी घेतली. नख पुन्हा घसरलं, लोण्यातून जावं तसं. तिने भिंग काढलं. खाचेचा तळ टोकदार नव्हता. चमच्याच्या पोटासारखा गोल होता.

"दशांश," तिने हाक मारली. "या पट्ट्यांच्या आधी पात्यावर काय कापलं होतं?"

"खुर्च्यांच्या पायांच्या पट्ट्या. त्या काचेच्या तंतूंच्या."

"याच पात्याने?"

"लावलेलं पातं एकच असतं ना, मॅडम."

तो उत्तर देऊन थांबला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. काच पात्याला खाते. काचेच्या पट्ट्यांचा ढीग कापून झाला की पात्याचं टोक गोल होतं. त्या पात्याने पाडलेली खाचही गोल होते. आणि गोल खाचेच्या तळाशी जोर एका बिंदूवर न येता पसरतो. तडा सुरूच व्हायला तयार नसतो. पट्टी आहे त्याहून चिवट भासते. दशांशाने लंबक जुळवला होता, फ्रीझरचं तापमान तीनदा पाहिलं होतं, पट्ट्यांची रुंदी तीन जागी मोजली होती. पात्याकडे पाहायचं त्याला सुचलं नव्हतं. ते त्याच्या लेखी यंत्र नव्हतं, भाजी चिरायच्या सुरीसारखं काहीतरी होतं, जे असतंच.

"आता साहेबांना काय सांगायचं?" तो म्हणाला.

"जे झालं ते."

"तुम्ही सांगाल का? म्हणजे, तुमच्या पद्धतीने."

तिने त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं, कपाळावर घाम. त्याची दया आली, आणि दया येताच वाक्यं आपोआप तयार झाली, नेहमीसारखी, गोल कडांची: यंत्रात थोडी गडबड होती, कुणाचीच चूक म्हणता येणार नाही, एकदा पुन्हा करून बघू, तोवर चार टक्के धरू. साहेबही खूश, दशांशही सुटला, फोरमनला वाटेल आपल्यामुळे चार झाले. सगळ्यांना धरून ठेवणारं उत्तर. चार टक्क्यांवर स्टूल कुणाच्या पायाखाली किती दिवस टिकेल, तेवढंच त्या उत्तरात नव्हतं. तिने कपाटातून नवं पातं काढलं, त्याच्यावरचा तेलकट कागद उलगडला. "दोनच्या पट्ट्या घ्या, सहाच्याही घ्या. याने खाचा पाडू आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवू." खाच पाडताना नव्या पात्याचा आवाज वेगळा येतो, बारीक, रेशमाचा काठ फाडल्यासारखा. तिला तो आवाज आवडायचा. किती दिवसांनी ऐकला हे तिला आठवेना. जिना चढून ती वर गेली नाही, हॉलमध्ये फोरमनकडेही गेली नाही. पर्स उचलली आणि घरी गेली.

आई पलंगावर बसून मोजे दुमडत होती. बाबा गेल्यापासून ती लेकीकडेच असायची. डोळे अधू झाले होते, पण मोज्यांच्या जोड्या ती स्पर्शाने लावायची आणि चुकली तर मोज्यावरच चिडायची.

"उशीर?" आई म्हणाली.

"काम होतं."

"काम तुला नसतंच कधी. दुसऱ्यांचं असतं, ते तू करतेस."

ती पलंगाच्या कडेला बसली. आईच्या मांडीवरून एक मोजा घेऊन ती उगाच ताणत राहिली. मग म्हणाली, "आई, लहानपणी मी तुमचे निरोप द्यायचे, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? पाय झिजले असतील तुझे."

"मी ते जसेच्या तसे द्यायचे नाही."

"मग तुला काय वाटलं, तुझे बाबा एकाएकी 'थोड्या वेळाने बसतो' म्हणायला लागले हे मला खरं वाटायचं?" आईने मोजा उलटा केला. "दोन खोल्या, मधे लाकडाची पातळ पडदी. त्यांचा खोकला ऐकू यायचा मला, आणि शब्द यायचे नाहीत होय?"

तिला हे नवीन होतं. इतकी वर्षं ती ते दार आपल्या हातचं समजत होती. "मग बोलली का नाहीस?"

"तू आणायचीस ते ऐकायला बरं वाटायचं. सोयीचंही होतं. माझंही त्यांना ऐकू जात असणारच. पण तू मधे आहेस म्हटल्यावर उत्तर द्यायचं कुणावरच नव्हतं." आई दुसरा मोजा चाचपू लागली. "एकदा धड भांडायला हवं होतं आम्ही."

"भांडला असतात तर?"

"तर तुटलं असतं. नाहीतर नसतं तुटलं. कळलं तरी असतं मेलं."

"मला दोष देतेस?"

"तुला कशाला? तू पोर होतीस." आईने जोडी लावून बाजूला ठेवली. "आता कोण पोर आहे इथे?"

स्वयंपाकघरात पेला विसळताना पाणी तिच्या मनगटावरून खाली गेलं आणि चूक सापडली. साहेबांची उपमा चुकली होती ती इथे. तो तिसरा पदार्थ धक्का कमी करत नाही. धक्का तेवढाच येतो, तेवढाच लागतो. पदार्थ आतून माल मजबूत करतो आणि मग माल तो धक्का सोसतो. तिने आयुष्यभर कुठला माल मजबूत केला होता? आई आणि बाबा जसे होते तसेच राहिले, शेवटपर्यंत, एकमेकांचा हात न धरता. तिने फक्त खाच गोल करून ठेवली होती. म्हणजे ती पातं होती, बोथट झालेलं, आणि तिच्यामुळे सगळे वर्षानुवर्षं पास होत आले होते. वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटण्याऐवजी तिला राग आला, स्वच्छ, थंड, कामाला लावता येईल असा. तो कुणावर आला हे तिने तपासलं नाही. तिने पेला पालथा घातला, जेवण गरम केलं, आणि आईने मीठ कमी आहे म्हटल्यावर, "तुझ्यासमोरच आहे बरणी," एवढंच म्हणाली. आईने तिच्याकडे अधू डोळ्यांनी रोखून पाहिलं आणि हात लांब करून मीठ घेतलं.

सकाळी दशांश तिच्या आधी आलेला होता. फ्रीझर उघडला की थंड हवा पायांवर सांडायची. चिमट्याने पट्टी काढायची, पकडीत बसवायची आणि तिला उबेची चाहूल लागायच्या आत लंबक सोडायचा, यात दोघांचे हात सरावलेले. पहिली पट्टी तुटली तेव्हा आवाज जवळजवळ आलाच नाही. खडू मोडावा तेवढा. तुटलेली बाजू काचेसारखी चकचकीत होती, कुठे पांढरेपणा नाही, कुठे ओरखडा नाही. तडा एका दमात पार झाला होता. दुसरी, तिसरी, तशाच. मग सहाची पट्टी. लंबक आदळला, अडखळला, आणि पट्टी मधोमध पांढरीफटक होऊन वाकली, कातडीसारख्या पातळ धाग्यावर लोंबकळत राहिली. तिने तिच्यावरून बोट फिरवलं. पांढऱ्या जागी ती किंचित कमी गार लागली.

"सहाची ताकद सात," दशांश म्हणाला. "आणि दोनची दोन."

"आणि पूर्णांकापुढे?"

"पुढे काय, मॅडम. दोन म्हणजे दोन."

फोन वाजला. वरून साहेब. "बाई, फोरमनचं काय झालं? मशीन थंड पडलंय."

"त्याच्याशी बोलले नाही. दोनच्या पट्ट्या नापास आहेत."

"काल पास होत्या."

"काल खाच बोथट पात्याने पाडली होती."

"म्हणजे आज मुद्दाम धारदार लावलंत?"

"धारदारच लावायचं असतं."

 "बाई, जरा व्यवहाराने बघा. स्टुलावर कोण खाच पाडायला बसलंय?"

"खोक्याचा लोखंडी कोपरा पाडतो. बुटात रुतलेला खडा पाडतो. ती पडली की मग थंडीत त्यावर माणूस चढतो, हातात वजन घेऊन."

"ते मी नंतर बघतो. आधी त्या बॉयलरला सांगा, मशीन चालवायचं नसेल तर घरी बस म्हणावं. गेटबाहेर दहाजण उभे आहेत."

"हेच सांगू?"

"आता ते कसं सांगायचं हे मी तुम्हाला शिकवू का?"

ती हॉलमध्ये गेली. मशीन गप्प असल्यामुळे हॉल मोठा वाटत होता. फोरमन हातमोजे काढून पाइपवर बसला होता, दाढीचे खुंट वाढलेला, चेहऱ्यावर रुसवा आणि रात्रीचं जागरण दोन्ही. ती दिसताच तो थोडा सैलावला. ताई आली म्हणजे आता मान राखून उतरता येईल.

"साहेब म्हणाले," ती म्हणाली, "मशीन चालवायचं नसेल तर घरी बस. गेटबाहेर दहाजण उभे आहेत."

तो पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. "आणि?"

"आणि काही नाही. एवढंच म्हणाले."

"ताई, तुम्ही असं कधी बोलत नाही."

"मी नाही बोलले. ते बोलले."

त्याच्या मानेची शीर फुगली. "मग त्यांना म्हणावं..."

"तुम्हीच म्हणा. मी त्यांना खाली बोलावते." तिने प्रयोगशाळेत येऊन फोन उचलला. "साहेब, फोरमनला उत्तर द्यायचंय. इथे या."

पुढे जे झालं ते फार शोभिवंत नव्हतं. दोघं प्रयोगशाळेत समोरासमोर उभे राहिले आणि ओरडले. दशांश कपाटाला चिकटून उभा होता. फोरमनला टक्क्यांशी देणंघेणं नव्हतं, ते त्याने ठणकावून सांगितलं. दोन घाला नाहीतर दोनशे. "मला विचारलं का पण? मशीन अडकलं की शिव्या कोण खातो?" साहेब म्हणाले, "तुला विचारून कारखाना चालवायचा का?" "मग चालवा ना. या, घाला हात त्या भट्टीत." "बोलायची पद्धत आहे का ही?" "तुमची काय होती? घरी बस?" ती टेबलाच्या कडेला टेकून उभी होती आणि तिच्या जिभेवर वाक्यं येत होती, एकामागून एक, तयार, मऊ. फोरमन, साहेबांना तसं म्हणायचं नव्हतं. साहेब, त्याची रात्रपाळी झालीय. तोंडात लाळ सुटावी तशी ती सुटत होती. तिने दात मिटून ठेवले. हात टेबलाच्या कडेवर आपोआप आवळले गेले. लहानपणी, आतल्या खोलीत आईने भांडं आपटलं की व्हायचं तेच. ती तशीच कडा धरून उभी राहिली. आपण मधे पडलो नाही तर काय होतं हे तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आता ती पाहत होती. दोघांचे आवाज चढले, फाटले, मग एकाच वेळी दोघांचा दम संपला. फोरमनने नाक पुसलं. साहेब खुर्चीत बसले. कुणी कुणाला काढून टाकलं नव्हतं, कुणी सोडूनही गेलं नव्हतं.

"पुढच्या मीटिंगला ये," साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले.

"बघतो," फोरमन म्हणाला आणि हातमोजे घालत बाहेर गेला.

साहेब तिच्याकडे वळले. "हे सगळं तुम्ही टाळू शकला असता."

"हो."

 तिने फ्रीझर उघडला. "दोनच्या पट्ट्या उरल्यात. आधी खाचेतून नख फिरवा." त्यांनी फिरवलं. नख अडकलं; त्यांनी हात मागे घेतला. "आता बसवा. लवकर. आणि लंबक सोडा." साहेबांना वाटलं होतं त्याहून ते सोपं निघालं. एक खटका, खडू मोडल्याचा आवाज, आणि अर्धी पट्टी त्यांच्या बुटाजवळ पडली. त्यांनी वाकून उचलली, तुटलेली बाजू उजेडाकडे धरली.  मग तिने सहाची पट्टी दिली, आणि ती लोंबकळत राहिलेली पाहिली तेव्हा त्यांनी तिला विचारल्याशिवाय बोटाने ओढून पाहिलं. ती सुटली नाही.

"म्हणजे सहावर जावं लागणार," ते म्हणाले.

"सहावर."

"मालकांना मी दोन सांगून बसलोय." त्यांचा आवाज आता वरच्या मजल्यावरचा राहिला नव्हता. "तुम्ही चला बरोबर. तुमचं ते ऐकतात. जरा वळवून सांगा, म्हणजे आधीचं चुकलं असं वाटणार नाही."

"नाही."

"बाई, दोन मिनिटांचं काम आहे."

"तुम्ही सांगा. तुकडे घेऊन जा."

"आणि मालकांनी विचारलं की प्रयोगशाळेतली बाई एवढंही करत नसेल तर तिला ठेवायचं कशाला, तर?"

"तर तेही मला येऊन सांगा. जसंच्या तसं." तिने दोनची एक आणि सहाची एक तुटलेली पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. "त्यांना पटलं नाही तर त्यांना खाली आणा. मी आणखी पट्ट्या गोठवून ठेवते. दोनचा होकार माझ्याकडून मिळणार नाही, आज नाही, मागाहून नाही."

 साहेब मूठ मिटून निघाले. दशांशाने सुस्कारा सोडला आणि विचारलं, "आता काय हो?"  तिने पात्याखाली नवी पट्टी बसवली. बाहेर जिन्यावर साहेबांची पावलं वाजत होती. अर्ध्या जिन्यात ती पावलं थांबली. असं थांबणं तिला पाठ होतं. मागून कुणीतरी यावं, पुढे व्हावं, दार आपण उघडावं, पहिलं वाक्य आपण बोलावं, यासाठी माणूस असा थांबतो. तिचे पाय त्या दिशेला वळलेसुद्धा. तिने ते तिथेच रोवले आणि पात्याचा दांडा खाली ओढला. पातं बारीक आवाज करत पट्टीत उतरलं. जिन्यात काहीच हललं नाही. तिने दुसरी पट्टी घेतली. आणि मग वर, एकट्याची, जड, पावलं पुन्हा चढू लागली.